नानीची दोरी

नेपाळची गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो, आणि त्यातलं खरं आयुष्यभर टाळत आलो. डोंगरातल्या एका मास्तराने पोरांच्या यादीत स्वतःच्या आजीचं नाव कसं घुसडलं आणि मी ते भर अंगणात कसं पकडलं, अशी ती गोष्ट. आमच्या पेठेतल्या तीन पिढ्यांनी ती माझ्या तोंडून ऐकली आहे. लग्नाच्या पंगतीत, तालमीच्या कट्ट्यावर, मुलीच्या सासरीसुद्धा मी ती रंगवून सांगितली आणि लोक दरवेळी हसले. या वहीत हे प्रकरण लिहायला मी याआधी दोनदा बसलो. दोन्ही वेळा तेच जुनं, हसवणारं लिहून झालं आणि मी पानं फाडली. आता सुभेदार नाहीत, आई नाही, रफिकही मागच्या वर्षी गेला. खरं माहीत असलेला मी एकटाच उरलोय.

आमचं घर म्हणजे कोल्हापुरात, पेठेतल्या एका बोळात एकापाठी एक अशा तीन खोल्या. वडील उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होते, ओतकामाचे वाळूचे साचे करायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या केसांतून काळी वाळू पडायची आणि आई त्यांना उंबऱ्याबाहेरच डोकं झटकायला लावायची. पहाटे बोळातून म्हशी दुधाच्या कट्ट्याकडे जायच्या, त्यांच्या खुरांचा आवाज, मग तालमीतल्या पोरांच्या जोराचा हुंकार, आणि त्यानंतर आईच्या भाकरीच्या थापा. शेवटची भाकरी तव्यावर असतानाच तिच्या काखेत विणायच्या सुया आलेल्या असत. विणकाम ती कोडोलीच्या सुभेदारीणबाईंकडून शिकली होती. त्या नवऱ्याबरोबर पलटणीच्या गावोगाव राहिलेल्या, थंड मुलखात बायका काय विणतात ते सगळं त्यांच्या हातात होतं. त्यांचं माहेर आमच्याच बोळातलं, त्यामुळे येणंजाणं असायचं. आईला अक्षरओळख बेताची होती, पण टाके मोजताना ती कधी चुकली नाही. मध्येच कुणी बोललं तर उत्तर न देता बोट वर करायची, ओळ संपली की मग बोलायची. मी आजही कुणाला बोट वर केलेलं पाहिलं की गप्प होतो.

सुभेदार रिटायर होऊन कोडोलीत शेती बघत होते. पलटणीत असताना एका गुरखा हवालदाराशी त्यांची दोस्ती झाली होती. तो हवालदार नेपाळात आपल्या गावी परत गेला आणि थोड्याच वर्षांत वारला. त्याच्या शेवटच्या पत्रात गावच्या शाळेचा विषय होता. थंडीत पोरं अंगावर पोतं घेऊन शाळेला येतात, तुमच्याकडून काही होत असेल तर बघा, एवढंच. सुभेदारांनी ते पत्र आमच्या मंडळापुढे वाचलं. वर्गणी जमली, लोकर आली, आणि आमच्या बोळातल्या बायका आईच्या हाताखाली स्वेटर विणायला बसल्या. मापाचा प्रश्न आला तेव्हा सुभेदारांनी तिथल्या मास्तराला हिंदीत कार्ड टाकलं. महिना-दीड महिन्याने टपालाने एक पुडकं आलं. आत सुतळीचे तुकडे होते, बेचाळीस. एकेका पोराच्या छातीभोवती सुतळी धरून मास्तराने ती तेवढ्या मापाला कापली होती आणि प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधली होती. टेप नसावा त्याच्याकडे. आईने त्या सगळ्या सुतळ्या पायरीवर ओळीने मांडल्या आणि एकेक बोटांनी चाचपून पाहिली. मग म्हणाली, मास्तर हाताचा माणूस दिसतोय.

सुतळ्या आईकडे गेल्या आणि नावं माझ्याकडे आली. मी तेव्हा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो, नोकरी नव्हती, मंडळाचा चिटणीस होतो आणि अक्षर चांगलं होतं. नेपाळी आपल्यासारखीच लिहितात हे त्या चिठ्ठ्यांवरून कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. सगळं वाचता येत होतं. वाचता येतं म्हणजे कळतंही, अशी माझी समजूत त्याच दिवशी पक्की झाली. माझी धाकटी बहीण शालन म्हणाली, "मी वाचतो, तू लिव्ह." ती चिठ्ठ्या वाचत गेली, मी वहीत उतरवत गेलो. एका सुतळीपाशी ती थांबून हसली. "नानी म्हणून पण नाव असतंय व्हय?" मी वहीतून मान वर केली नाही. लिहिलं, नानी, आणि पुढचं सांग म्हणालो. ती सुतळी किती लांब होती हे मी पाहिलं नाही. सुतळ्या हे बायकांचं काम होतं.

सुभेदार स्वतः येणार होते. ऐनवेळी मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, म्हणून मी आणि रफिक असे दोघंच निघालो. रफिक आमच्या बोळाच्या तोंडाशी राहायचा. त्याच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान होतं आणि त्याने दोन ट्रंकांत बेचाळीस स्वेटर असे दाबून बसवले होते की मध्ये सुई शिरली नसती. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि कांदा-लसूण चटणीची एक बरणी दिली होती. गाड्या बदलत गोरखपूर, तिथून सरहद्द, मग बस, मग डोंगरात पाच-सहा तास पायी. ट्रंका दोन हमालांनी कपाळाला पट्टा लावून पाठीवर नेल्या आणि आम्ही रिकाम्या हातांनी त्यांच्यामागे धापा टाकत गेलो. तालमीत कसलेला रफिक दर वळणावर बसायचा आणि म्हणायचा, "सुभेदारांचा डोळा बरोबर येळंला बिघाडला की."

मास्तर शाळेच्या खाली वाटेवरच उभे होते. तिशीच्या आतलेच असावेत, डोक्यावर टोपी, अंगात कोपरांवर ठिगळं लावलेला कोट. पोरांना त्यांनी दोन रांगांत उभं केलं होतं आणि सगळ्यांच्या हातांत झेंडूची फुलं होती. आमची राहायची सोय शाळेतच होती. दुपारचं जेवण मास्तरांनी स्वतः घरून डोक्यावरच्या पाटीतून आणलं. भात, डाळ आणि वाळवलेल्या पाल्याचं आंबूस कालवण. आमची चटणी त्यांनी भातात कालवली, डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा घेतली आणि हसले. घरी बोलावलं नाही म्हणून मला जरा लागलं. त्यांनी काहीतरी सांगितलं होतं, घरात ताप आहे, वगैरे. त्यांचं हिंदी मोडकं होतं, माझं कोल्हापुरी. मी नीट ऐकलं नाही. घरात आजारी माणूस असताना आमच्यासाठी तो भात कुणी शिजवला असेल, हा विचार माझ्या मनात पुष्कळ वर्षांनी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात वाटप झालं. ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. मी वहीतून नाव पुकारायचो, पोर पुढे यायचं, रफिक त्याला आपादमस्तक बघून ट्रंकेतून स्वेटर काढायचा, मास्तर तो पोराच्या डोक्यातून घालायचे आणि बाह्या खाली ओढून द्यायचे. गावातली वीस-पंचवीस माणसं बांधावर बसून बघत होती. स्वेटर घातलेली पोरं परत रांगेत न जाता एकमेकांच्या पोटावर हात फिरवत उभी राहायची. सगळं छान चाललं होतं. मग मी पुकारलं, "नानी."

कुणी पुढे आलं नाही. मी पुन्हा पुकारलं. पोरं मास्तरांकडे बघायला लागली. मी विचारलं, नानी कौन है? मास्तरांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"मेरी. मेरी नानी है. घर में है, ज्वर आया."

मी रफिककडे बघितलं. तो ट्रंकेवर वाकलेलाच म्हणाला, "नानी म्हंजे आईची आई की. आमच्यात तसंच म्हणत्यात." त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या घरात तसंच म्हणत होते. पण वही माझ्या हातात होती. बांधावरची माणसं बघत होती, आणि आपण कुणाची तरी लबाडी पकडली आहे या जाणिवेने माझ्या अंगात काहीतरी चढलं, जे त्याआधी कधी चढलं नव्हतं.

"अपनी नानी का नाम डाला लिस्ट में?" मी आवाज चढवून विचारलं.

मास्तरांचा चेहरा लाल झाला. "हां. डाला."

"स्कूल में आती है क्या नानी?"

हा टोमणा होता. मास्तरांनी मान खाली घातली आणि अगदी सरळ उत्तर दिलं. "नहीं. स्कूल में नहीं आती."

रफिक हसला. मी हसलो. आम्ही हसलो म्हणून पोरंही हसली. मग मी एक छोटं भाषणच केलं, की कोल्हापूरच्या बायकांनी बोटं झिजवून हे बच्चा लोकांसाठी विणलंय, आपल्या घरच्यांचं नाव आत सरकवायला नाही. मास्तरांनी ते सगळं ऐकून घेतलं. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, वहीतल्या त्या नावावर फळ्यावर ओढावी तशी सरळ रेघ ओढली आणि पेन्सिल परत दिली. "गल्ती भयो," म्हणाले, चूक झाली. बांधावरचा एक म्हातारा त्यांना काहीतरी विचारत होता. उरलेल्या पोरांच्या डोक्यातून ते स्वेटर घालत राहिले.

शेवटी ट्रंकेत एक स्वेटर उरला. सगळ्यांत लहान, लाल, गळ्याशी पांढरी कड. रफिक म्हणाला, "हितंच ठिवूया की. कुणाच्या तरी पोराला हुईल." मी म्हणालो, "मास्तरच्या हातात देतोस? म्हातारी पायात घालंल मोजा म्हणून." तो स्वेटर हातात धरून, त्याचं एवढंसं माप डोळ्यांनी बघत मला हा विनोद सुचला. मापावरून शंका मात्र आली नाही. रफिक या वेळी हसला नाही, त्याने ट्रंक बंद केली. निघताना मास्तर वाटेपर्यंत आले. हात जोडले.

घरी पोचलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती. ट्रंक उघडली आणि तिला लाल स्वेटर दिसला.

"ह्यो का आणलास परत?"

मी सगळं सांगितलं, चढ्या आवाजात. आईने बोट वर केलं नाही, पण मी आपोआप थांबलो. ती उठली, हात धुतले, फडताळातून पत्र्याचा डबा काढला. सुतळ्या तिने सगळ्या ठेवल्या होत्या, चिठ्ठ्यांसकट. त्यातली एक उपसून तिने माझ्या हातात दिली आणि चिठ्ठी वाचायला सांगितली. मी वाचली. मग तिने समोरचा पाण्याचा तांब्या घेतला आणि ती सुतळी त्याच्याभोवती धरली. जेमतेम एक वेढा झाला.

"एवढ्या छातीची म्हातारी असती व्हय रं?" आई म्हणाली. "पोर हाय ती. दीड-दोन वर्साची. सगळ्यांत आधी मी हिचाच इणला हुता."

मी काहीतरी बोललो, की रफिक म्हणाला, की मास्तर स्वतःच कबूल झाला. आई परत तांदळापाशी बसली. दुसऱ्या दिवशी मी वडिलांच्या फौंड्रीवर गेलो. तिथे गेटवर एक नेपाळी होता. त्याला विचारलं, तुमच्यात नानी कुणाला म्हणतात. तो हसून म्हणाला, "नानी? छोटा बच्चा. छोटी लडकी. हम लोग प्यार से बोलता है." त्याची स्वतःची नानी पाच वर्षांची आहे असंही त्याने सांगितलं. तिथून घरी चालत येताना मास्तरांचं एकेक उत्तर मला उलगडत गेलं. मेरी नानी है. स्कूल में नहीं आती. त्यांना वाटलं होतं, शाळेबाहेरची आपली पोर आपण यादीत घातली हीच चूक मी दाखवतोय. आणि त्यांच्यातल्या मास्तराला ती चूक पटली होती.

इथवरचं सगळं अज्ञान म्हणून सोडून देता येईल. पुढचं येत नाही. त्याच रविवारी मंडळाने आमचा सत्कार ठेवला होता. मी ठरवून गेलो होतो, की उभं राहायचं आणि झालेलं सांगायचं. पण रफिकने तोवर तालमीत ती गोष्ट सांगून टाकली होती. डोक्यावर फेटा बांधला, हातात नारळ दिला, मी बोलायला उभा राहिलो आणि मागून कुणीतरी ओरडलं, "त्या म्हातारीचं सांग की." आणि मी सांगितलं. मास्तरांचा आवाज काढून सांगितलं. आई बायकांत बसली होती, ती मधेच उठून घरी गेली. रफिक टाळ्या वाजवत होता, त्याला मी खरं पुढेही कधी सांगितलं नाही. सुभेदार काळा चष्मा लावून पुढच्या रांगेत होते. ते हसले नाहीत. हसं संपल्यावर ते उठले आणि एवढंच म्हणाले की, मित्राच्या गावाने मान खाली घालायला लावली, पुढच्या साली स्वेटर आपल्या शाहूवाडीच्या वाड्यांवर द्यायचे. तसंच झालं, पुढे कितीतरी वर्षं. तिकडची पोरं काही कमी गरजू नव्हती, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. त्या डोंगरातल्या एकेचाळीस पोरांचे स्वेटर वर्षभरात आखूड झाले असतील, हेही मला कळत होतं.

सुभेदारांनी कुणाकडून तरी मास्तरांना तसं पत्र घातलं. दोन-तीन महिन्यांनी त्यांचं उत्तर आलं आणि सुभेदारांनी मला कोडोलीला बोलावून घेतलं. डोळा अजून नीट झाला नव्हता, आणि नेपाळचं मला कळतं असा माझा लौकिक होता. सोप्यात बसून मी ते पत्र वाचलं. एकच पान होतं, वळणदार अक्षरात. सगळं कळलं नाही, पण पुरेसं कळलं. नानी माझी मुलगी. शाळेत येत नव्हती, नाव लिहिणं बरोबर नव्हतं. गल्ती मेरो हो. पोरांना त्याची शिक्षा देऊ नये. नानी आता बरी आहे, अंगणात पळते. लहान आहे, तरी पुढच्या वर्षी तिला शाळेत घालतो आहे. खाली सही.

"काय म्हणतोय?" सुभेदारांनी विचारलं.

सुभेदारीणबाई ताक घेऊन दारात उभ्या होत्या. तांब्याभर ताक होतं आणि मला तो तांब्याच दिसत राहिला. मी म्हणालो, "चूक कबूल करतोय."

"करतोय न्हवं? मग माणूस बरा हाय म्हणायचा," सुभेदार म्हणाले. "पर आता मंडळानं शाहूवाडीचं ठरीवलंय." त्यांनी पत्र मागितलं, घडी करून खिशात ठेवलं. मी ताक प्यायलो आणि एसटीने परत आलो.

लाल स्वेटर आईने डब्यात सुतळ्यांबरोबर ठेवला. माझी मुलगी झाली त्या थंडीत बायकोला तो सापडला आणि तिने तो बाळाला घालायला घेतला. आईने तिच्या हातातून काढून घेतला. "त्यो दुसरीचा हाय," म्हणाली. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी वर्तमानपत्र वाचत होतो. तांब्याच्या त्या दिवसानंतर या विषयावर आई आयुष्यात एवढंच बोलली. डबा आता माझ्या कपाटात आहे.

आता कोल्हापुरात नेपाळी माणसं जागोजागी दिसतात. कागलच्या एमआयडीसीत आहेत, हॉटेलांत आहेत, रंकाळ्याजवळ मोमोच्या गाड्या आहेत. मी संध्याकाळी फिरायला जातो तिथल्या एका गाडीवाल्याची मुलगी स्टुलावर बसून अभ्यास करते. एक दिवस त्याने तिला हाक मारली, "ए नानी," आणि मी चालता चालता थांबलो. नंतर त्याची ओळख करून घेतली. तो मला बाजे म्हणतो, म्हणजे आजोबा. त्याच्याकडून मी मोठ्या माणसाची माफी नेपाळीत कशी मागतात ते वहीत लिहून घेतलं. त्याने विचारलं, "बाजे, किससे मांगना है?" मी म्हणालो, एक मास्तर होते. गाव सांगितलं, जिल्हा सांगितला. तो म्हणाला, माझा चुलता त्या बाजूला आहे, नाव सांगा, पत्ता काढतो.

मला नाव सांगता आलं नाही. आम्ही तिथे दोन दिवस त्यांना मास्टरजी म्हणत होतो, नाव विचारलंच नाही. पत्राखालची सही मी वाचली होती, तेव्हा ती लक्षात ठेवायची नव्हती, आणि आता आठवत नाही. सुभेदारांच्या मुलाकडे विचारलं, जुने कागद घर पाडताना गेले. बेचाळीस चिठ्ठ्या माझ्या डब्यात आहेत, त्यांवर पोरांची नावं आहेत, लिहिणाऱ्याचं नाही.

तरीही मी कार्ड लिहिलं आहे. पत्त्याची बाजू कोरी आहे. दुसऱ्या बाजूला, त्या गाडीवाल्याने सांगितली तशी माफी, आणि खाली मला येते त्या भाषेत:

मास्टरजी, माफ गर्नुहोस्. नाव बरोबर होतं. ती रेघ तुम्ही ओढायची नव्हती.